जो इथे नाही तो

३ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी शिव्या. इतक्या दिवसांत तुझं एक पत्र आलं, तेही दोन ओळींचं, आणि त्यातली एक ओळ हवामानावर. गलबत स्वतःचं झालं म्हणून बहीण परकी झाली का रे? तुझे दाजी त्या गलबताची शिडं शिवता शिवता बोटं सोलून बसले होते. त्यांना निदान शिडं कशी चालतात एवढं तरी कळव. बिचारे रोज विचारतात आणि मी रोज थाप मारते की फार छान चालतात.

माझं म्हणशील तर डोकं फिरायची वेळ आली आहे. आपल्या प्रजासत्ताकाचा इतिहास लिहायचं काम मी घेतलं तेव्हा वाटलं होतं, शाळा सुटली, आता निवांत बसून लिहू. बसू देतात कुठे! इतिहास समितीचे अध्यक्ष आपले शंखोबा. बुरुजावरून जन्मभर जहाजांना हाका मारून त्यांचा आवाज असा झालाय की कानात सांगितलेलं गुपितही धक्क्यापर्यंत ऐकू जातं. त्यांना इतिहास नकोच आहे, त्यांना कौतुक हवंय.

भांडण कशावरून ते ऐक. शाळेच्या पुस्तकात आपण काय घोकलं? राजाचे जकातदार हाकलून दिल्यावर लोक धक्क्यावर जमले आणि भर समुद्रात वादळाशी झुंजणाऱ्या शूर कप्तानाला त्यांनी एकमुखाने प्रमुख निवडलं. म्हणून निवडीच्या दिवशी दुपारच्या घंटेला जो कप्तान समुद्रावर असेल त्यालाच प्रमुख करायची आपली थोर परंपरा. मी स्वतः हे पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतलं, चुकलं तर कान पिळले.

आता खरं काय ते बघ. भिंतीच्या आतल्या पायरीशी स्थापनेचा दगड आहे ना, तो मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो. त्यावर हे एवढं शेवाळ आणि शिंपल्या. सगळे त्याला लांबून मान देतात, वाचला मात्र कोणी नाही. मी दाजींचा बोथट चाकू घेतला, गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि खरवडला. खाली काय निघालं? ‘प्रमुखाला राजा पहिला फासावर देईल, म्हणून कोणी तयार नाही. सबब, आपल्यापैकी जो कोणी आज भिंतीच्या आत नाही, तो.’

झालं! एवढंच आपलं थोर मूळ. सभेला जो आला नाही त्याच्या गळ्यात काम बांधून मोकळे झाले. नकार द्यायला माणूस हजर नाही, याहून सोयीचं काय असणार? तो शूर कप्तान कुठल्या वादळाशी वगैरे झुंजत नव्हता, मीठ विकायला गेला होता. परत आला, काय झालंय ते कळलं, तसं त्याने गलबत वळवलं. लोकांनी बंदराच्या तोंडाला साखळी लावली. प्रमुखाने सात वर्षं भिंतीबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम तिथून आला. पुस्तकात त्याला ‘नगरनिष्ठा’ म्हटलंय. मी शंखोबांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, “बाई, दगडाचं काय घेऊन बसलात, दगड ओला होता!”

असो. निवड यंदा १५ मेला आहे. बाकीचे कप्तान एप्रिलपासूनच धक्क्याला येऊन चिकटतील, दर खेपेला तसंच होतं. तूही वेळेत ये. अर्धं आयुष्य दुसऱ्यांची गलबतं हाकल्यावर तुला आत्ता कुठे स्वतःचं मिळालंय. बाहेर सापडलास तर सात वर्षं कमानीवरच्या घंटाघरात बसून लोकांच्या गटारांचे तंटे सोडवशील आणि गलबत धक्क्याला कुजेल. मला ते बघवणार नाही.

तुझी ताई

(आशीर्वाद पुढच्या पत्रात. कागद संपला.)

२६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. शिव्या सुखरूप पोचल्या.

दाजींना सांग, शिडं उत्तम. मधलं शीड वारा असा धरतं की सुकाण्याला वाटतं गलबत आपणच चालवतोय. खोटं सांगत नाही. गलबताच्या पुढच्या टोकाला उभं राहिलं की मला आपोआप हसू फुटतं. या वयात बरं दिसत नाही, पण फुटतं.

दगडाचं वाचून मी आणि सुकाण्या पोट धरधरून हसलो. अगं, खलाशांना विचारायचं होतंस! कुठल्याही गलबतावर हेच चालतं. भांडी कोण घासणार असा प्रश्न निघाला की जो डोलकाठीवर असतो त्याचं नाव ठरतं. त्यावर प्रजासत्ताक उभं राहील असं मात्र वाटलं नव्हतं. लिही, अगदी जसंच्या तसं लिही. शंखोबांना ओरडू दे, त्यांचा तो धंदाच आहे.

एक मात्र मला कधीच कळलं नाही. समुद्रावर जगणाऱ्या गावाचा इतिहास लिहितेस तू, आणि जन्मात कधी भिंतीच्या बाहेर गेली नाहीस. लहानपणी मी तुला होडीत ओढायचो तेव्हा म्हणायचीस, मला मळमळतं. न चढताच मळमळायचं तुला! एकदा माझ्याबरोबर चल. फार लांब नको, बेटाला वळसा घालून येऊ. दाजींनी शिवलेलं शीड चालताना तरी बघशील.

इथे माल भरायला वेळ लागतोय, म्हणून थोडा मुक्काम वाढलाय. काळजी करू नकोस, निवडीच्या बऱ्याच आधी येतो. घंटाघरात बसायची मला मुळीच हौस नाही. त्यापेक्षा तूच बस. सगळ्यांना हाकायची तुला सवय आहे.

बारक्या

२२ मार्च

बारक्या,

तुला काय म्हणावं तेच कळेना. काल तुझं गलबत बंदरात आलं. मी धावत धक्क्यावर गेले, दाजी तर अर्धं शिवलेलं शीड खांद्यावर तसंच घेऊन आले. गलबतातून उतरलं कोण? सुकाण्या, सगळे खलाशी आणि माल. कप्तान नाहीत! मी विचारलं, “आमचा कुठाय?” तर म्हणे, “कप्तान मागून येताहेत.” आणि हे सांगताना माणूस स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होता. का येताहेत मागून? कशातून येताहेत? पोहत? एक धड उत्तर देईल तर शपथ. माल भरायला वेळ लागतोय म्हणून थांबलेला माणूस मालाच्या मागे कसा राहतो, हे तूच मला समजावून सांग.

इथे काय चाललंय ते ऐक म्हणजे मी का चिडलेय ते कळेल. दगडाचा प्रश्न सभेत गेला. मी म्हटलं, शाळेतल्या पुस्तकाने नियम ठरत नाही, दगडाने ठरतो, आणि दगडावर ‘कप्तान’ हा शब्दच नाही, ‘जो कोणी’ आहे. शंखोबा म्हणाले, “त्या काळी कोणी म्हणजे कप्तानच.” मी म्हटलं, “मग खलाशी काय बाहुल्या होत्या?” यावर मागच्या बाकांवरचे सगळे खलाशी उठून उभे राहिले. इतका गोंधळ झाला की शेवटी जेवणाची वेळ टळली आणि केवळ भुकेपोटी ठराव पास झाला. यापुढे दगड म्हणेल तसं.

परिणाम? सगळं गाव मला शिव्या देतंय. आतापर्यंत कप्तानच काय ते घाबरायचे, आता ‘जो कोणी’ म्हटल्यावर सगळेच घाबरलेत. निवडीला अजून अवकाश आहे, पण कोळी आतापासूनच होड्या उलट्या करून त्यांना डांबर फासत बसलेत. कायमचे परदेशी गेलेत ते कागदोपत्रीही आपले राहिले नाहीत, म्हणून सुटले. मासे आणतात ते एकटे माजी. ते म्हातारे कप्तान आठवतात ना, आपल्या लहानपणी प्रमुख होते ते? एकदा सात वर्षं भोगलेल्याला पुन्हा धरत नाहीत, म्हणून तेवढे बिनधास्त वल्ही मारत जातात आणि परत आल्यावर एकेका माशाचा असा रुबाब करतात की विचारू नकोस.

आता मुद्द्याचं. शंखोबा काल भर बाजारात (म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल असं) म्हणाले, “बाईंच्या भावाने गलबत पुढे धाडून स्वतः मागे राहायचं कारण लहान मुलालाही कळतं. खुर्ची कोणाला नको असते?” तुला तो बेटामागे लपलेला प्रमुख आठवतो? सगळ्या इतिहासात खुर्चीसाठी आपणहून बाहेर राहिलेला तो एकटाच. बेटाच्या आडोशाला होडी लावून घंटेची वाट बघत बसला, निवडून आला, आणि सात वर्षांत त्याने शेजारच्या बंदराशी दीपगृहाच्या रंगावरून लढाई केली. माझ्या पुस्तकात त्याला मी एक अख्खं प्रकरण दिलंय, आणि त्यात त्याची धडगत नाही. तुझ्यासाठी दुसरं लिहायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

खरं सांग. तुला प्रमुख व्हायचंय का? असेल तर तसं म्हण, मी ओरडेन आणि गप्प बसेन. पण आई गेल्यावर ज्या बहिणीने तुझे केस विंचरले तिला फसवू नकोस.

आशीर्वाद रोखून धरलेत.

ताई

१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि उशाखाली ठेवून दिलं, कारण फेकायला उठता येत नाही. पाय मोडलाय माझा. मांडीपासून फळ्या बांधल्यात. झालं समाधान?

तुला सांगणार नव्हतो. सांगितलं असतं तर तू दाजींना इकडे धाडलं असतंस, नाहीतर रोज एक पत्र पाठवून वैद्यांना उपचार शिकवले असतेस. म्हणून मालाचं नाव पुढे केलं. सुकाण्यालाही शपथ घातली होती, त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही म्हणून तो अंगठ्यांकडे बघतो. मोडला कसा हेही विचारू नकोस. वादळात नाही, डोलकाठीवरून पडून नाही. धक्क्याच्या ओल्या पायरीवर कोणीतरी टाकलेल्या माशाच्या आतड्यावरून घसरलो. सगळ्या बंदराने बघितलं. हे तुझ्या इतिहासात घालायचं असेल तर खुशाल घाल.

गलबत पुढे धाडलं कारण कप्तान अंथरुणात आणि गलबत परक्या बंदरात, हे माझ्याच्याने बघवेना. ते तरी घरी जावं. तेवढी एकच गोष्ट माझी आहे, ताई. सात वर्षं मी खिडकीतून ते कुजताना बघत बसेन असं ज्या माणसाला वाटतं, त्या शंखोबांना माझ्यातर्फे जे काही सांगायचं ते तूच सांग. तुझ्याकडे शब्द जास्त आहेत. पण शंखोबांचं सोड. तूही तेच विचारलंस, ते लागलं मला.

वैद्य म्हणतात मेच्या पहिल्या आठवड्यात हलता येईल. परदेशी टपालबोट १५ मेच्या सकाळी आपल्या बंदराला लागते, त्याआधी दुसरी कुठलीच नाही. तिच्यात आडवा पडून येतो. सकाळी लागली तर घंटेच्या आधी मी भिंतीच्या आत असेन. नाही लागली तर तुमच्या गावात बाहेर राहिलेला मी एकटाच, तेव्हा निवड फार अवघड जाणार नाही.

बारक्या

३० एप्रिल

बारक्या,

पत्र वाचलं, रडले, दाजींवर विनाकारण ओरडले, मग सुकाण्याच्या घरी जाऊन त्याच्यावर ओरडले. आता जरा बरं वाटतंय. चुकलं माझं. तुला तसं विचारायला नको होतं. पण पाय मोडल्याचं लपवून ठेवणाऱ्या माणसाने दुखावल्याचा आव आणायचा नसतो, हेही लिहून ठेव. फळ्या नीट बांधल्यात ना? पायाखाली उशी घे. ओली पायरी दिसली की आधी बघावं, मग पाय टाकावा, हे तुला चौथ्या वर्षी शिकवलं होतं.

टपालबोट. ती बोट कधी वेळेवर आली आहे का? वारा फिरला की बेटामागे नांगर टाकून चहा पीत बसतात ते लोक, त्यांना आपल्या घंटेशी काय देणंघेणं? मी सभेकडे गेले होते. म्हटलं, आजारी माणसाला वगळा. शंखोबा म्हणाले, “दगडावर आजारी माणसाबद्दल काही लिहिलंय का, बाई? तुम्हीच म्हणालात ना, दगड म्हणेल तसं?” माझाच चाकू आणि माझीच मान.

पण मी हात बांधून बसणार नाही. त्या दिवशी बोट दिसली नाही तर मी काय ते बघते. तू फक्त बोटीत चढ.

ताई

१६ मे

ताई,

तू दोन गल्ल्या सोडून कमानीवर बसली आहेस आणि मी तुझ्याच स्वयंपाकघरातल्या बाकावर पाय लांब करून तुला पत्र लिहितोय. दाजी दोनदा घंटाघराच्या दारापर्यंत येऊन गेले. आतून “कोणाला भेटायचं नाही” असं ऐकून परत आले. तिसऱ्यांदा ही चिठ्ठी घेऊन येताहेत. त्यांच्यासाठी तरी दार उघड. सकाळपासून त्यांनी एक टाका घातलेला नाही.

काय झालं ते तुला लोकांनी तिखटमीठ लावून सांगितलं असेलच, आता माझ्याकडून ऐक. वारा उलटा होता म्हणून टपालबोट बेटाकडून आलीच नाही, बंदराच्या उत्तरेकडच्या तोंडातून आत शिरली. मी खाली आडवा होतो. मला काय ठाऊक, तू त्याच वेळी माजींच्या होडीत बसून बेटाकडे मला शोधायला निघाली आहेस? हमालांनी मला एका फळीवर घालून चौकात आणलं. घंटा व्हायला थोडाच वेळ होता. मला बघून सगळा चौक सुस्कारला, म्हणजे आनंदाने नव्हे. त्यांचा हक्काचा माणूस गेला होता ना हातचा.

शंखोबांनी विचारलं, “कोण नाही?” गल्लीगल्लीने उत्तरं आली. सगळे आहेत. कोळी, सुतार, खलाशी, गोदामवाले, सगळे. इतिहासात पहिल्यांदाच एकही माणूस बाहेर नाही! शंखोबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि मी, ताई, मी तुलाच शोधत होतो. इतक्या लांबून आलो, फळीवर पडलो होतो, सगळे चेहरे दिसत होते आणि तुझाच दिसेना. मी मोठ्याने म्हटलं, “माझी ताई कुठाय?”

एवढंच म्हटलं. मग दाजी पांढरेफटक पडून म्हणाले, “होडीत.” कोणीतरी हसलं, कोणी म्हणालं बाई कशी चालेल. तेव्हा मासे साफ करणाऱ्या बायका मागून ओरडल्या, “दगडावर ‘जो कोणी’ आहे! बाईंनीच खरवडलंय!” आणि घंटा झाली. माजी तर धरत नाहीत. राहिली कोण?

मी ओरडलो, फळीवरून उठायला गेलो, पडलो. कोणी ऐकलं नाही. मला माफ कर, किंवा करू नकोस, पण दार उघड.

बारक्या

१७ मे

बारक्या,

दाजींना आत घेतलंय. ते आता खिडकीचे पडदे मापताहेत. तुला इतक्यात घेणार नाही. दार पायऱ्यांच्या वर आहे आणि तुझा पायऱ्यांचा अनुभव चांगला नाही.

माफी कसली मागतोस? तू बहीण कुठाय एवढंच विचारलंस. राग तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे, आणि इतका आहे की पहिल्या दिवशी आलेल्या तीन तक्रारी मी न ऐकताच फेटाळल्या. माजी वल्ही मारता मारता मला म्हणाले होते, “बाई, घंटेच्या आत परतायला हवं हं.” मी काय म्हटलं असेल? “मला काय करायचंय घंटेशी? तुम्ही वल्हवा!” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि वल्हवत राहिले. आता म्हणतात, “मी बोललो होतो.” आणि मिशीत हसतात.

अरे, ‘जो कोणी’ यासाठी सभेशी भांडले मी. खलाशी धरा, कोळी धरा, सुतार धरा. सगळ्या गावाला धडकी भरवली. बायका मात्र रोज खुशाल भिंतीबाहेर शिंपल्या वेचत होत्या आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. दगड मी माझ्या हाताने खरवडला आणि वाचताना ‘जो कोणी पुरुष’ असं वाचलं. आपणही ‘कोणी’ आहोत, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. जन्मभर पोरांना म्हणत आले, समोर लिहिलंय तेवढं वाचा!

शंखोबा सकाळी येऊन गेले. इतिहासाचं शेवटचं प्रकरण तेच लिहिणार म्हणे. ‘भावाच्या प्रेमाखातर खवळलेल्या सागरात उडी घेणारी वीर भगिनी.’ समुद्र तळ्यासारखा सपाट होता. मी त्यांना बाहेर काढलं. प्रमुख झाल्याचा एवढा एकच फायदा आतापर्यंत दिसला.

समुद्राचं विचारशील तर बघण्यासारखं काही नाही. मला सगळा वेळ मळमळत होतं.

पाय बरा झाला की गलबत घे आणि जा. इथे माझ्या दारात तोंड पाडून बसायचं नाही. त्याच्यासाठी मी होडीत बसले नव्हते.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. पाय थोडा लंगडतो, पण गलबतावर सगळेच लंगडतात, कोणाच्या लक्षात येत नाही. पाचव्या दिवशी मोकळा वारा लागला आणि मी मधलं शीड पूर्ण सोडलं. तेव्हा तुझी इतकी आठवण झाली की सुकाण्याला दुसरीकडे बघ म्हणून सांगावं लागलं.

इथल्या बंदरातही तुझं नाव पोचलंय. गटारांचे तंटे तू दोन्ही बाजूंना एकत्र गटारात उतरवून सोडवतेस, हे खरं का? आणि शंखोबांना दगड दर मोठ्या ओहोटीला घासायचं काम दिलंस म्हणे! जे झालं ते वाईट झालं असं मी फार दिवस मनात धरून होतो. आता वाटतं, बरंच झालं. मी तिथे महिन्याभरात वेडा झालो असतो. तुला नाहीतरी समुद्राची कधी आवड नव्हती. भिंतीच्या आत राहायचं म्हणजे तुझ्या दृष्टीने काही गेलं नाही. त्या विचाराने मला रात्री झोप लागते.

दाजींना सांग, शिडाची एक शिवण उसवली, पण ती माझी चूक.

बारक्या

२० ऑक्टोबर

बारक्या,

पत्र दाजींना वाचून दाखवलं. उसवलेल्या शिवणीबद्दल ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, जणू मीच उसवली. गटाराचं खरं आहे. शंखोबांचंही. ते घासताना गातात, आणि तेही खाली ओहोटीच्या पाण्यात उभे राहून, म्हणजे आम्हाला कमानीवर सगळं ऐकू येतं.

तुझी झोप मोडायची नव्हती, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पण तू लिहिलंस की माझं काही गेलं नाही, आणि ते वाचून मी अशी चिडले की शाईची दौत सांडली. गाढवा, मळमळलं नव्हतं मला. खोटं लिहिलं होतं. पहिल्या दहा-बारा वल्ह्यांपर्यंत मी डोळे मिटून होडीची कड धरून बसले होते. मग माजी म्हणाले, “बाई, मागे बघा.” बघितलं, तर आपलं गाव.

आतून मी ते गाव इंच न् इंच ओळखते. कुठला दगड कोणी बसवला ते सांगू शकते. पण ते असं दिसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भिंत केवढीशी रे! मी तिच्यावर तीन प्रकरणं लिहिली आहेत आणि ती पाटीवर मारलेल्या रेघेएवढी. आपल्या घरावरचं कौल, शाळा, कमान, सगळं एका तळहाताखाली झाकलं जात होतं, मी झाकून बघितलं. आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं उघडं पाणी. पहिला कप्तान गलबत वळवून का निघाला, ते तेव्हा कळलं. मी त्याला पुस्तकात पळपुटा म्हटलं होतं. ते वाक्य आता खोडलंय.

माजी म्हणत होते, परतू या. मी म्हटलं, अजून थोडं. बारक्या, तेव्हा मी तुला शोधत नव्हते. तेवढा वेळ मी तुला विसरलेच होते. मी नुसती बघत होते, आणि मागे घंटा झाली.

आता सात वर्षं या खिडकीतूनच बघायचं. इथून फक्त धक्का दिसतो आणि लोकांच्या छपरांवर वाळत घातलेलं. फार राग येतो, कोणावर ते कळत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यावर काढते. तुझ्या गलबताचं शीड भिंतीबाहेर गेलं त्या दिवशी मी सगळ्या तक्रारी बंद ठेवल्या आणि दाजींना दार लावायला सांगितलं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू बाहेर आहेस हे मला हवंच होतं, आजही आहे. फक्त माझं काही गेलं नाही असं पुन्हा लिहू नकोस.

आणि हे नीट लक्षात ठेव. माझी मुदत संपेल त्या १५ मेला गलबत घेऊन भिंतीच्या पायरीशी ये, सकाळीच. एकदा झालेल्याला पुन्हा धरत नाहीत, तेव्हा मला कसली भीती नाही. तू येऊ शकत नसशील, घंटेला बाहेर सापडायला घाबरत असशील, तर गलबत माजींच्या ताब्यात दे आणि तू चौकात जाऊन बस. बेटाला वळसा वगैरे नको, पुढे जायचं. उशीर केलास तर याद राख. चौकात ‘कोण नाही?’ म्हणून विचारतील ना, तेव्हा मी नसेन.

अनेक आशीर्वाद. साठलेले सगळे.

ताई